कपाटातले केस पेपर आणि टेबलावरचा कॉम्प्युटर

धनकवडीच्या एका डॉक्टर मॅडमचं पत्र आलंय, मोठं आहे म्हणून मुख्य तेवढं इथे देते. 28 वर्षं जनरल प्रॅक्टिस, दोन खोल्यांचा दवाखाना, रोजचे 45-50 पेशंट. मदतीला एकच ताई, 19 वर्षं त्यांच्याकडेच आहेत, नंबर लावणं, केस पेपर काढणं, पैसे घेणं सगळं त्याच बघतात. मुलगी हिंजवडीला आयटीत आहे, ती मागे लागलीये की आई आता सॉफ्टवेअर घे, आणि एका कंपनीचा माणूस येऊन डेमो पण देऊन गेला, महिनाअखेरीच्या आत घेतलं तर डिस्काउंट म्हणाला. मॅडम लिहितात, "मला दोन बोटांनी टाईप करता येतं. पेशंट समोर बसून रडतोय आणि मी स्क्रीनकडे बघतेय हे मला सहन होणार नाही. डेमो झाल्यापासून आमच्या ताई गप्प गप्प आहेत. कपाटात 11 हजार केस पेपर आहेत, त्यांचं काय करायचं? घेऊ का नको, तेवढं सांगा."

मॅडम, सरळ सांगते. घ्या. पण या महिन्यात नको, त्या डिस्काउंटसाठी तर अजिबात नको, आणि सगळ्या पेशंटसाठी एकदम सुरू करायचं तर मुळीच मनात आणू नका.

मी पण तुमच्यासारखीच जीपी, दवाखाना अरण्येश्वरच्या बाजूला, तळमजल्यावर. मी कॉम्प्युटरकडे वळले ते हौसेने नाही. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तो तुम्हाला आठवत असेलच, तुमच्या जवळच की. सकाळी शटर वर केलं तर आत चिखल, आणि कपाटाचे खालचे दोन कप्पे पूर्ण पाण्यात. आम्ही गच्चीत दोऱ्या बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी केस पेपर वाळत घातले, चार दिवस, आणि तेव्हा कळलं की बॉलपेनचं थोडंफार वाचता येतंय पण मी शाईपेनाने लिहिलेलं सगळं निळं पाणी होऊन गेलंय. पुढच्याच आठवड्यात एक आई आली, मुलाच्या फिटच्या गोळ्या संपल्या होत्या, डोस मी स्वतः दोनदा बदलला होता आणि शेवटचा कुठला ते ना तिला आठवत होतं ना मला, आणि तिची चिठ्ठी तिच्या घरात पाणी शिरलं तेव्हाच गेली होती. रिकामं पाकीट पण नव्हतं. शेवटी ज्या मेडिकलमधून ती औषध घ्यायची तिथल्या बिलावरून डोस शोधला. त्या दिवशी ठरवलं की हे असं परत होता कामा नये.

म्हणून तुमचं कपाट भिंतीला कितीही नीट उभं असलं तरी मी म्हणेन की घ्या. पण पुराची भीती हे अर्धंच कारण आहे. खरं कारण मला नंतर कळलं, साधारण दोन वर्षांनी, आणि ते मला तुम्हाला नीट सांगायचंय कारण डेमोवाला माणूस हे सांगत नाही, तो बिलिंग आणि एसएमएस दाखवत बसतो.

माझ्याकडे पीएमटीतून रिटायर झालेले एक काका येतात, बीपी आणि डायबेटिस दोन्ही. रिपोर्ट दर वर्षी करायचे, दर वर्षी मी बघायचे, क्रिएटिनीन, म्हणजे किडनी कशी चाललीये ते सांगणारा आकडा, एकदा 1.0, पुढच्या वर्षी 1.2, मग 1.3, प्रत्येक कागद स्वतंत्र बघितला तर घाबरण्यासारखं काही नाही, लॅबने पण ठळक केलेलं नाही, मी टिक मारून पुढे. एक दिवस दुपारी बसून त्यांचे जुने आकडे सॉफ्टवेअरमध्ये भरले आणि ग्राफचं बटण दाबलं, तर रेघ जिन्यासारखी वर चाललेली. चार वर्षं ती माझ्याच कपाटात होती हो, माझ्याच अक्षरात. काकांना बोलावून घेतलं, खोदून खोदून विचारलं तेव्हा म्हणाले गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून रोज एक डायक्लोफेनॅकची गोळी घेतो, कुणी सांगितलं म्हणून, तुम्हाला काय सांगायचं त्यात. ही गोळी रोज घेतली तर किडनीला त्रास होतो, ती बंद केली, किडनीच्या डॉक्टरांना दाखवलं, आज आकडा जागेवर आहे. कागद एका दिवसाचं सांगतो आणि आपल्याकडे पेशंट 20-20 वर्षं येतात, फॅमिली डॉक्टरची सगळी ताकदच त्या वर्षांमध्ये आहे, आणि तीच आपण कपाटात कोंडून ठेवतो.

दुसरं, जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रोडला जीबीएसच्या, म्हणजे हातापायातली ताकद जाते त्या गियाँ-बारे आजाराच्या, केसेस सुरू झाल्या, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, तेव्हा तुमच्याकडे पण लोक घाबरून आले असतील. आजार जुलाबानंतर काही दिवसांनी धरतो हे आपल्याला माहीत, मी मागच्या महिन्यातले जुलाबाचे पेशंट पत्त्याप्रमाणे गाळून काढले, दहा मिनिटांत यादी हातात. आमच्या रिसेप्शनच्या ताईंनी एकेकाला फोन करून सांगितलं, पायात मुंग्या आल्या, चालताना पाय जड वाटले तर इकडे येत बसू नका, थेट मोठ्या हॉस्पिटलला जा. कपाटातून ही यादी कधीच निघाली नसती.

आता तुमची सगळ्यात मोठी काळजी, पेशंटकडे बघायचं राहून जाईल ही. ती खरी आहे, मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. तुमचाच हिशोब घ्या, 50 पेशंट आणि प्रत्येकामागे दोन मिनिटं जास्त गेली तर 100 मिनिटं झाली, म्हणजे रात्री साडेनऊला बंद होणारा दवाखाना सव्वाअकराला बंद होणार. असं आठ दिवस झालं की कुठलाही डॉक्टर सॉफ्टवेअर बंद करून परत पॅड ओढतो, आणि मी असे दवाखाने बघितलेत जिथे वर्षाचे पैसे भरलेत आणि कॉम्प्युटरवर कव्हर घातलंय. म्हणून म्हणते सगळ्यांसाठी एकदम नको. सर्दी-खोकला, ताप, पोट बिघडलं, यांना पहिले सहा महिने कागदच चालू द्या. फक्त जे कायमचे आहेत, डायबेटिस, बीपी, थायरॉईड, दमा, फिट्स, रक्त पातळ करायच्या गोळ्यांवर असलेले, तेवढेच आत घ्या. रोज तीन घेतले तरी महिन्यात 75 होतात. माझ्याकडे हे सगळे मिळून 400 च्या आसपास निघाले आणि तेवढे झाल्यावर मला माझा दवाखाना ओळखू येईल इतका बदल जाणवला.

आणि त्यांचंही सगळं नको. चारच गोष्टी भरा, अ‍ॅलर्जी कशाची आहे, चालू औषधं डोससकट, महत्त्वाचे आजार आणि ऑपरेशनं, आणि मागच्या दोन-तीन रिपोर्टचे आकडे. 28 वर्षांचा इतिहास टाईप करत बसाल तर वेड लागेल आणि त्यातलं नव्वद टक्के कधी कोणी वाचणार नाही. 11 हजार केस पेपर स्कॅन करून देतो असं तो माणूस म्हणाला असेल तर नाही म्हणा, स्कॅन म्हणजे नुसता फोटो असतो, त्यात शोधता येत नाही, पैसे मात्र पानामागे घेतात. जुने पेपर कपाटात राहू देत, पेशंट आला की तो पेपर काढायचा, चार गोष्टी उतरवायच्या, कोपऱ्यात लाल पेनने टिक करायची आणि परत ठेवायचा. दोन वर्षांनी ज्यावर टिक नाही तो पेशंट बहुतेक गाव सोडून गेलेला असतो.

स्क्रीनचं म्हणाल तर टेबलाची मांडणी बदला, यावर मी फार ठाम आहे. स्क्रीन तुमच्या आणि पेशंटच्या मध्ये भिंतीसारखा उभा नको, टेबलाच्या बाजूला तिरका ठेवा की पेशंटला पण दिसेल. पेशंट बोलत असताना कीबोर्डला हात लावायचा नाही, तपासताना नाही, आधी पूर्ण ऐकायचं आणि मग म्हणायचं, आता मी हे लिहून ठेवते, तुम्ही पण बघा बरोबर आहे ना. माझ्या एका आजींनी असंच बघता बघता सांगितलं की ही गोळी तर मी कधीच सोडली, दोन महिने माझ्या कागदावर ती चालू होती. आणि कोणी रडत असेल तर त्यांच्यासमोर काही लिहू नका, मॅडम. ते गेल्यावर दोन ओळी लिहा, किंवा दुपारी. टाईप जमत नसेल तर मोबाईलसारखं बोलून मराठीत लिहिता येतं, नेहमीच्या औषधांचे सेट आधीच करून ठेवता येतात, पण बोललेलं एकदा वाचायचं, औषधाचं नाव तर दोनदा.

सेटबद्दल एक सावधगिरी. यादीतून औषध निवडताना चुका वेगळ्या होतात, हाताने लिहिताना होत नाहीत अशा. थायरॉईडचं औषध थायरॉक्सिन 12.5 पण येतं आणि 125 पण, यादीत ती जवळजवळ असतात, बोट घसरलं की दहापट डोस. मेथोट्रेक्सेट संधिवातासाठी आठवड्यातून एकदाच द्यायचं असतं आणि काही सॉफ्टवेअर सवयीने 'रोज एकदा' भरून टाकतं, ते पेशंटच्या जिवावर बेततं. डेमोत हेच करून बघा, आठवड्यातून एकदा हा पर्याय सहज मिळतो का. आणि मागच्या वेळची नोट तशीच पुढे ओढायचं बटण असतं त्याचा मोह टाळा, छाती न तपासता 'छाती साफ' असं छापून निघालेले पेपर माझ्यासमोर आलेत, मोठ्या मोठ्या ठिकाणचे, आणि मला तेव्हा फार राग आला होता.

आता विकत घेण्याचं. डेमोवाल्याला त्याचा ठरलेला पेशंट दाखवू देऊ नका, तुमची सोमवारची संध्याकाळ त्याच्यासमोर मांडा. एक आई दोन मुलांना घेऊन आलीये आणि दोघांना ताप, घरातल्या पाच जणांचा मोबाईल नंबर एकच, एका काकांना जुनी औषधं तीच ठेवून एक बदलायचीये, एकाला ऑफिससाठी सर्टिफिकेट हवंय, एकाचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलाय. हे सगळं त्याला करायला लावा आणि क्लिक मोजा. प्रिस्क्रिप्शन छापून मागा, औषधाचं जेनेरिक नाव येतंय का, तुमचा रजिस्ट्रेशन नंबर येतोय का, आणि 'सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर' हे मराठीत मोठ्या अक्षरात येतंय का, कारण ते घरी जाऊन आजोबाच वाचणार आहेत. लाईट गेली, नेट गेलं तर काय, हे विचारा. आपल्याकडे गुरुवारी मेंटेनन्सला लाईट जाते ती जातेच, म्हणून डेस्कटॉपपेक्षा लॅपटॉप बरा, वायफायच्या डब्याला छोटा इन्व्हर्टर, आणि एक कागदी पॅड ड्रॉवरमध्ये कायम. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला तेव्हा जवळजवळ दोन आठवडे तिथे हाताने काम चाललं होतं, त्यांच्यावर ती वेळ आली तर आपण पॅड ठेवलेलं बरं.

आणि एक प्रश्न असा की त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय एक रुपया देऊ नका. त्याला म्हणा, उद्या मला तुमचं सॉफ्टवेअर सोडायचंय, माझा सगळा डेटा मला आत्ता इथे बसून काढून दाखवा. माझं पहिलं सॉफ्टवेअर, नाव लिहीत नाही, तीन वर्षांनी त्यांनी फी एकदम वाढवली, मी म्हटलं सोडते, तर हातात काय दिलं, 1400 पेशंटच्या 1400 वेगवेगळ्या पीडीएफ, ना शोधता येत ना दुसरीकडे भरता येत. आमच्या ताईंनी आणि मी परत हाताने भरलं, चार महिने, दुपारच्या जेवणाच्या वेळेत. म्हणून नुसती पीडीएफ चालणार नाही, एक्सेलमध्ये निघाला पाहिजे, आणि एफएचआयआर नावाचं, एका सॉफ्टवेअरमधलं रेकॉर्ड दुसऱ्याला वाचता यावं यासाठीचं, स्टँडर्ड आहे त्यात निघत असेल तर फारच चांगलं, सरकारचं आयुष्मान भारत डिजिटल मिशन त्यावरच चालतं. हे शब्द तुमच्या मुलीला कळतील, डेमोच्या दिवशी तिला घरून काम घ्यायला सांगा. रेकॉर्ड कसं ठेवावं याचे नियम केंद्र सरकारने 2013 मध्ये काढले, 2016 मध्ये सुधारले, आणि या स्टँडर्ड्सचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातल्या सी-डॅक या सरकारी कॉम्प्युटर संस्थेतच आहे, तेव्हा हे फार लांबचं काही नाहीये.

सॉफ्टवेअर फुकट असेल तर ते पैसे कुठून कमावतात ते लेखी विचारा. पेशंटची माहिती, नाव काढून का होईना, कुणाला विकतात का. मला यात तडजोड मान्य नाही, आपल्याकडे पेशंट जे सांगतो ते आपल्या तोंडाकडे बघून सांगतो, कंपनीकडे बघून नाही. 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, माहिती नीट जपली नाही तर त्यात 250 कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांत तर तेव्हाच लिहिलंय की रेकॉर्ड कॉम्प्युटरवर आणायचा प्रयत्न करावा आणि पेशंटने मागितलं तर 72 तासांत द्यावं. आभा नंबर, म्हणजे पेशंटचा सरकारी हेल्थ आयडी, 14 आकडी, तो पेशंटने स्वतःहून दिला तर जोडा, ऐच्छिक आहे तो, नाही म्हणाला तर त्याच्या तपासणीत काही फरक पडता कामा नये. बॅकअप आठवड्यातून दोनदा, एक क्लाऊडवर आणि एक हार्डडिस्कवर, आणि ती हार्डडिस्क दवाखान्यात ठेवू नका, घरी न्या. हे मी ओढ्याकाठी शिकले. महिन्यातून एकदा त्या बॅकअपमधून एखादा पेशंट खरंच उघडतोय का तेही बघायचं.

शेवटी तुमच्या ताई. तुमच्या पत्रात त्यांच्यावर एकच ओळ आहे पण मला वाटतं अडकलंय ते तिथेच. कुठला पेशंट कुणाचा जावई, कोण दुसऱ्या नावाने यायचं, कुणाचं घर बदललं, कोणाला सल्फाने अंगावर उठलं होतं, हे त्यांच्या डोक्यात आहे, तुमच्या कपाटात पण नाही आणि सॉफ्टवेअरमध्ये तर नाहीच. एकाच नाव-आडनावाच्या दोन बायका एका दिवशी आल्या की चुकीच्या पानावर लिहिलं जातं, आणि ते पकडणारी तीच बाई असते. त्यांना डेमोच्या दिवशी तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसवा, मागे उभं ठेवू नका, आणि त्यांना विचारा की यातलं तुम्हाला कुठलं आवडलं. माझ्या ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं की यात वय लिहायची जागा आहे, जन्मसाल लिहूया, नाहीतर दहा वर्षांनी पण माणूस 45 चाच दिसेल. मला सुचलं नव्हतं. त्यांना स्वतःचा वेगळा लॉगिन द्या, त्यात नंबर, बिल, रिपोर्ट चढवणं, जुने आकडे भरणं एवढं असू दे. एचआयव्ही, गर्भपात, मनाचे आजार हे तुमच्याच लॉगिनमध्ये, आणि ते त्यांना आधीच समजावून सांगा, अविश्वास म्हणून नाही तर त्यांच्यावरच कधी बालंट येऊ नये म्हणून. तुमचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवायचा नाही. आणि काम वाढणार आहे तर पगार पण थोडा वाढवा, त्या डिस्काउंटच्या पैशांपेक्षा हे जास्त कामाला येईल.

सुरुवात मे महिन्यात करा. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यू, व्हायरल, ओपीडी तुंबलेली असते, त्यात नवीन काही शिकणं होत नाही. मे मध्ये शाळांना सुट्ट्या, लोक गावाला, गर्दी कमी. पहिल्या दिवशी तीनच पेशंट घ्या, तुमचे जुने, बोलके, उशीर झाला तरी न रागावणारे, ते कोण ते ताईंना विचारा, त्या लगेच सांगतील.